खंडेनवमीला फिरवलेला स्क्रू

गाडी रस्ता सोडून खाली गेली की तुमच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? ‘ड्रायव्हर पिलेला होता का?’ हाच ना? गाडीखाली वाकून बघण्याआधी आपण माणसाच्या तोंडाचा वास घेतो. मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. गेल्या दसऱ्याच्या सकाळी मला नांदेडला फोन आला, आमची जीप कंधारच्या अलीकडच्या वळणावर खाली गेली म्हणून, तेव्हा माझ्याही तोंडून हेच निघालं.

अप्पा, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायच्या अशा बऱ्याच गोष्टी राहून गेल्या, आणि तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले.

हे पत्रक हातात पडणाऱ्यांत तुम्हाला न ओळखणारेही असतील. त्यांच्यासाठी एवढंच सांगते: मुखेडच्या बाजार मैदानामागं पत्र्याचं एक गॅरेज आहे, तिथले मन्मथअप्पा मिस्त्री. जुन्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं झालं की देगलूर-उदगीरकडूनही माणसं तुमच्याकडे यायची. तुमचं वय, मागं कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते तुमच्या घरच्यांनी फोटोसकट छापलं आहे. मला लिहायचं आहे ते, जे तुम्ही मला लिहायला सांगितलं होतं आणि मी लिहिलं नाही.

तुम्हाला लिंगायत रीतीनं बसवून माती दिली. मांडी घातलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, पाठ ताठ. मी गर्दीच्या मागं उभी होते. तुम्हाला इतकं ताठ बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही कायम आडवे आहात, जीपच्या पोटाखाली, बाहेर नुसते गुडघ्यापासूनचे पाय. त्या पायांशीच मी इतकी वर्षं भांडले.

पहिलं भांडण आठवतं? बाबा गेले आणि त्यांची जीप माझ्याकडे आली. वरती भोंगा, मागं दोन बाकं आणि पत्रकांचे गठ्ठे. मी बाराखडी पाटीवर शिकले नाही, बाबांच्या पत्रकांच्या प्रुफांवर शिकले. जीप मात्र मला येत नव्हती. केरबा चालवायचा, बाबांच्या वेळेपासून तोच. स्टेअरिंग चार बोटं फिरलं तरी चाक जागचं हलेना, म्हणून मी तुमच्याकडे आले आणि ऑर्डर दिली.

“अप्पा, स्टेअरिंग बॉक्स गेलाय. बदलून टाका.”

“कोण म्हणलं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे खाली घुसून आले का? बस वर.”

मी सीटवर बसले. इंजिन बंद, गाडी चारही चाकांवर जमिनीवर. मी स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करायचं. फिरवायचं नाही, नुसतं चाळवायचं. तुम्ही खाली. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जेवढे दांडे आणि सांधे आहेत, त्या प्रत्येकावर तुम्ही पंजा ठेवत गेलात. एक दांडा हलला आणि त्याला जोडलेला दुसरा जरा उशिरानं हलला, तर दोष त्या सांध्यात. डोळ्यांना तो उशीर दिसत नाही, तळहाताला कळतो. मी घाई केली की खालून आवाज यायचा, “निधान, माय, निधान.” हळू म्हणायचं झालं की तुमच्या तोंडात उदगीरचं कन्नडच यायचं.

अर्ध्या तासानं तुम्ही बाहेर आलात. बॉक्स चांगला होता. तो चेसीला धरून ठेवणारे बोल्ट ढिले झाले होते. सगळ्या गावानं ज्याला दोषी ठरवलं तो निर्दोष निघाला, आणि तुम्ही हात पुसत म्हणालात, “तुझी पत्रकं वाचतो मी. तुझा गुन्हेगार पहिल्याच ओळीत सापडतो. मला दोन-दोन तास लागतात, माय.”

मला राग आला होता. मी म्हणाले, समाजाला दोन तास थांबायला वेळ नाही. तुम्ही म्हणालात, “हाव, म्हणून तर बोल्ट तसेच राहतात.”

स्टेअरिंग बॉक्सवर एक छोटा स्क्रू असतो, तो तुम्ही मला त्याच दिवशी दाखवला. वरचा नट सैल करून तो जरा आवळला की स्टेअरिंग हाताला घट्ट लागतं. गिऱ्हाईक खूश, पाच मिनिटांचं काम. “पण खालचे सांधे झिजलेले असले तर ते झिजलेलेच राहतात, फक्त ड्रायव्हरला कळायचं बंद होतं. आणि जास्त आवळला तर वळणावरून स्टेअरिंग आपोआप सरळ येत न्हाई, अडकतं.” आधी चाकापासून वरपर्यंत सगळं तपासायचं, काय झिजलं ते बदलायचं, आणि एवढं करून बॉक्समध्येच ढिल उरली तर शेवटी या स्क्रूला हात लावायचा, तोही कणभर. तुमच्या गॅरेजात हा कायदा होता. दुसऱ्या मिस्त्रीनं आवळून दिलेल्या गाड्या आल्या की तुम्ही त्याच्या आईबापाचा उद्धार करायचात.

आणि हाच स्क्रू तुम्ही खंडेनवमीला फिरवलात. खाली न बघता. मी तिथं होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पूजेत बसवायचा तुमचा नेम होता. सगळे पाने रॉकेलनं धुऊन, एका जुन्या दाराच्या फळीवर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले. जॅक, हातोडे, सगळ्यांना हळद-कुंकू, वर झेंडू. दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यातलं एकही हलवायचं नाही. मी आणि केरबा दुपारी जीप घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. आमच्या वस्तीतल्या आठ बाया पहाटे नांदेडला निघणार होत्या. स्टेअरिंग आठवडाभर ढिलं होतं. केरबानं मला दोनदा सांगितलं होतं. मी पत्रकं छापण्यात होते.

“अप्पा, लई ढिलं झालंय,” केरबा म्हणाला. “डावीकडं ओढून राहिली गाडी.”

“हत्यारं बसली रे. उद्या पूजा उचलली की पहिला नंबर तुझा.”

“उद्या सहाला बाया गाडीत बसणार आहेत,” मी म्हणाले.

“मग दुसरी गाडी बघ, माय. न्हाईतर यष्टीनं जा.”

“सणाच्या दिवशी यष्टीत पाय ठेवायला तरी मिळतो का? अप्पा, पाने रुसतात का हो? लोखंड आहे ते. उद्या गाडीला काही झालं तर काय त्या पान्यांना जाब विचारू?”

माझं हे वाक्य मी कुठं कुठं वापरून पाहिलं होतं. कार्यक्रमांत त्यावर टाळ्या पडायच्या. तुमच्या गॅरेजात टाळी पडली नाही. तुम्ही उठलात. फळीवरच्या एकाही पान्याला हात लावला नाही. केरबाला जीपमधला त्याचा स्वतःचा पाना आणि स्क्रूड्रायव्हर मागितलात, बॉनेट उघडलं आणि तो स्क्रू आवळलात. “झालं. निधान ने, केरबा. परत आलास की सरळ इथं आण, खालचं बघू.” माझ्याकडे पाहिलं नाहीत. मला वाटलं, मी जिंकले. संध्याकाळच्या यष्टीनं मी नांदेडला पुढं गेले, पत्रकांचं टेबल मांडायला.

सकाळी त्या वळणावर जीपचं डावं चाक आपल्या मनानं गेलं. केरबानं गाडी उलटू दिली नाही, बाभळीच्या झाडाला नेऊन टेकवली. एका बाईचं गळ्याचं हाड मोडलं, एकीचे समोरचे दात गेले, बाकीच्यांना मुका मार. केरबाच्या कपाळावर टाके. दुपारपर्यंत मुखेडात बातमी तयार होती, “दसरा ना, सकाळीच टाकली असंल.” केरबा पीत नाही, हे त्याच्याजवळ कधीही बसलेल्या माणसाला माहीत आहे. पण ज्यांनी ठरवलं ते त्याच्याजवळ बसलेले नव्हते. केरबा स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला, “माझाच अंदाज चुकला.”

जीप ओढून तुमच्या गॅरेजात आणली. तुम्ही मला म्हणालात, “बस वर.” मी बसले, तुम्ही खाली गेलात. मी स्टेअरिंग हलवलं. उजवं चाक हललं. डावं हललं नाही. त्या दिवशी तुम्ही एकदाही ‘निधान’ म्हणाला नाहीत. खूप वेळानं बाहेर आलात, तळहातावर डाव्या चाकाच्या सांध्यातली ती लोखंडी गोळी. ती बोरासारखी गोल असते. ही चिंचोक्यासारखी झिजली होती. वरचं रबर कधीचं फाटलेलं, आत वाळू. झिजून झिजून ती खोबणीतून बाहेर निसटली होती.

“हे हाताला लागलं असतं,” तुम्ही म्हणालात. “पहिल्याच मिनिटाला. गाडी त्याला ढिलेपणानं सांगून राहिली होती, माय. मी वरून तिचं तोंड दाबलं.”

त्याच दिवशी तुम्ही केरबाच्या घरी गेलात. त्याला सगळं सांगितलंत. आणि केरबानं तुमचे पाय धरले. म्हणाला, “अप्पा, मला वाचवायला असं बोलू नका. तुम्ही खाली न बघता स्क्रू फिरवाल? हे कुणी मानंल का?” चौकात सांगितलंत, तिथंही तेच. लोक म्हणाले, अप्पांचं मन मोठं. तुम्ही चाळीस वर्षं जो कायदा पाळला, त्यानंच तुमची चूक खोटी ठरवली.

मग तुम्ही माझ्याकडे आलात. “तोंडी बोललं की मोठेपणा म्हणतात. छापलं की खरं मानतात. तू लिही. दोन ओळी: मन्मथअप्पा मिस्त्रीनं खाली न बघता स्क्रू फिरवला. केरबाची चूक न्हाई.”

“आणि कारण?” मी विचारलं.

“कसलं कारण?”

“पूजा. हत्यारं पूजेत नसती तर तुम्ही जॅक लावला असता, गोळी सापडली असती. ते न लिहिता हे पत्रक कशाला?”

“पूजेनं मला सांगितलं होतं, हात लावू नको. मी ऐकलं असतं तर गाडी इथंच उभी राहिली असती. मी धड पूजेचं ऐकलं न्हाई, धड कामाचं ऐकलं न्हाई. ते माझं हाय. त्यात पूजेला ओढू नको.”

तीन महिने आपण इथंच अडकलो. मी तुम्हाला मथळे वाचून दाखवायचे, तुम्ही मान हलवायचात. तुम्ही म्हणायचात दोन ओळी, मी म्हणायचे कारणाशिवाय एक ओळ नाही. मी म्हणायचे, तुम्ही रूढीला पाठीशी घालताय. तुम्ही म्हणायचात, तू केरबाला ताटकळत ठेवलंय. तुमचं हे वाक्य मी ऐकून घेतलं नाही. एवढ्या काळात एकाही गाडीवाल्यानं केरबाला किल्ली दिली नाही. तो धान्याच्या मोंढ्यात पोती उचलत होता.

एकदा मी विचारलं, “त्या दिवशी तिथं कोण कोण होतं, ते लिहायचं का?” तुम्ही सांध्यात ग्रीस भरत होतात. वर न बघता म्हणालात, “कशाला? स्क्रू एकाच हातानं फिरतो.”

मला तेव्हाच कळलं, अप्पा. मला अंधश्रद्धेवर लिहायचं होतं, कारण अंधश्रद्धेला नाव-गाव नसतं आणि ती मला टाकून बोलत नाही. तुम्ही मात्र त्या दोन ओळींतून मला गुपचूप वगळलं होतं. मी ते वगळणं पत्करलं. तुमचे आभार मानले नाहीत आणि ते नाकारलंही नाही.

भांडत होतो तरी जीप तुम्ही दुरुस्त करतच होतात. लातूरहून दोन्ही बाजूंचे नवे सांधे आणवलेत, नटात नव्या पिना घालून त्यांची टोकं वळवलीत. तो स्क्रू मागं फिरवून पूर्वीच्या जागी आणलात. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून सुतळीनं मोजलंत, तीन-तीनदा. मग मला चालवायला बसवून तुम्ही बाजूला बसलात. वळणावर “हात सैल ठेव, सोडू नको” म्हणालात. स्टेअरिंग माझ्या हातातून सरकत आपणहून सरळ आलं. त्या दिवशी तुम्ही हसलात. उतरल्यावर म्हणालात, “आता हिच्यावर केरबा बसायला पाहिजे.”

तुम्ही गेलात तेव्हा मी लातूरला छापखान्यात होते. दुसऱ्याच कुणावर तरी झालेल्या अन्यायाचं प्रूफ तपासत. तुमच्या बातमीचा फोन ठेवून मी ते प्रूफ पूर्ण केलं. काना-मात्रा सगळं नीट लावलं. का केलं, माहीत नाही. बसमध्ये बसल्यावर मग रडू आलं, आणि शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

परवा तुमच्या मुलानं गॅरेज उघडून दिलं. जीप अजून आत आहे. मी सीटवर बसले आणि स्टेअरिंग चाळवायला लागले. डावीकडे, उजवीकडे. खाली कुणी नव्हतं. ही तपासणी एकट्यानं होत नाही, अप्पा. वर बसलं की खालचं कळत नाही, आणि खाली गेलं तर वर हलवणारं कुणी राहत नाही. मी तरीही बराच वेळ हलवत बसले. मुद्दाम घाईनंही हलवून पाहिलं.

पूजेचं भांडण मी सोडलेलं नाही. हत्यारं बसलेली नसती तर तुम्ही खाली गेला असतात, हे मी आजही म्हणते, आणि तुम्ही असतात तर आजही मान हलवली असती. ते आपलं आपल्यात राहू दे. केरबाला त्यासाठी आणखी थांबवणार नाही. तुम्ही सांगितलेल्या दोन ओळी छापते, पण तिसरी माझी आहे, ती तुम्हाला खोडता येणार नाही:

मन्मथअप्पा मिस्त्रीनं खाली न बघता स्क्रू फिरवला.

केरबाची चूक नाही.

जीपची मालकीण मी. ढिलं स्टेअरिंग आठवडाभर मी चालू दिलं आणि खंडेनवमीला अप्पांना टोमणा मारून मी तो स्क्रू फिरवायला लावला.

हा कागद मी सगळ्यात आधी केरबाला वाचून दाखवला. तो म्हणाला, “अप्पा गेल्यावर छापलं व्हय, ताई?” मी मान खाली घातली. किल्ली पुढं केली. त्यानं घेतली नाही. “चालवायला काय, मी आज चालवीन. पण बसंल कोण?”

“मी बसते.”

“तुम्ही नका बसू. तुम्ही मालकीण. तुम्ही बसलात तर लोक म्हणतील, बाईला दुसरा ड्रायव्हर भेटंना. दुसरं कुणी बसू द्या. एक माणूस बसला तरी नेतो मी गाडी.”

अप्पा, इथून पुढं मी तुमच्याशी बोलत नाही, हा कागद धरून उभ्या असलेल्या माणसाशी बोलते. तुम्ही मुखेडचे असाल, किंवा कामानिमित्त मुखेडला येणार असाल. तुम्ही कदाचित कुठल्या तरी ओट्यावर म्हणाला असाल की तो पिला होता. म्हणाला नसाल तरी ऐकून गप्प बसला असाल. माफी मागू नका, केरबाला ती आवडत नाही. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी आठ वाजता यष्टी स्टँडसमोर जीप उभी असेल. स्टेअरिंगवर केरबा असेल. मी गाडीत नसेन. त्याला कंधारपर्यंत जायचं आहे, त्याच वळणावरून, आणि परत यायचं आहे. तुम्हाला काही काम नसलं तरी या. मागचं दार ओढा आणि बाकावर बसा.